पदार्पण-हंगाम, क्रिकेटमधील : मूल्यमापन

व्यावसायिक किंवा प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये नव्याने प्रवेश करणाऱ्या खेळाडूच्या पहिल्या हंगामास पदार्पण-हंगाम म्हणतात. या हंगामातील कामगिरीवरून त्याची खरी क्षमता अजमावणे, हे निवड समितीपुढील एक अवघड काम होय. पुढील वर्षी संघात राहणे, करार मिळणे आणि पर्यायाने उपजीविकेचे साधन म्हणून खेळाकडे पाहता येणे, हे सर्व याच निर्णयावर अवलंबून असते. लहान शहरांतून आलेल्या खेळाडूस एकदा वगळल्यानंतर पुन्हा संधी मिळणे कठीण असल्यामुळे त्याच्या बाबतीत या मूल्यमापनातील चूक अधिक महाग पडते.

जालन्याचे उदाहरण : जालना येथे २३ नोव्हेंबर १९९४ रोजी जन्मलेला डावखुरा फलंदाज विजय झोल याचे पदार्पण या संदर्भात उद्‌बोधक आहे. २०११ मध्ये त्याने १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्रातर्फे आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढल्या. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीत पदार्पण करताना त्याने त्रिपुराविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. जानेवारी २०१४ मध्ये शारजा येथे १९ वर्षांखालील आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने कर्णधार या नात्याने पाकिस्तानविरुद्ध शतक झळकावले व भारताने तो चषक जिंकला. त्याच महिन्यात रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राने वानखेडे मैदानावर मुंबईस हरविले. पहिल्या डावात १२२ धावांनी मागे पडूनही महाराष्ट्राने विजयासाठी लागणाऱ्या २५२ धावा केवळ दोन गडी गमावून केल्या. तीत केदार जाधवच्या नाबाद १२० व झोलच्या नाबाद ९१ धावा होत्या. महाराष्ट्राने त्या वर्षी अंतिम फेरी गाठली, मात्र हैदराबाद येथे कर्नाटकाकडून त्यास पराभव पतकरावा लागला. झोल यास पुढे भारताच्या वरिष्ठ संघात स्थान मिळाले नाही. इतक्या दमदार प्रारंभावरून नेमके किती अनुमान काढणे योग्य ठरले असते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

सरासरीच्या मर्यादा : फलंदाजाची सरासरी म्हणजे एकूण धावांस तो बाद झालेल्या डावांच्या संख्येने भागून येणारी संख्या. नाबाद डावांतील धावा अंशात मिळविल्या जातात, परंतु छेदात ते डाव धरले जात नाहीत. त्यामुळे थोड्या डावांच्या हंगामात एखादी मोठी नाबाद खेळी सरासरी बरीच फुगविते. दुसरी अडचण धावांच्या चंचलतेची आहे. १९४५ मध्ये ब्रिटिश विमागणितज्ञ एल्डरटन व त्याच सुमारास वुड यांनी फलंदाजांच्या धावसंख्या स्थूलमानाने भूमितीय श्रेणीप्रमाणे विखुरलेल्या असतात, असे दाखविले. म्हणजेच कोणत्याही धावसंख्येवर फलंदाज बाद होण्याची शक्यता जवळजवळ सारखीच असते. प्रत्यक्षात डावाच्या आरंभी, नजर बसण्यापूर्वी, ती थोडी जास्त असते. अशा विभाजनात प्रमाण विचलन जवळजवळ सरासरीइतकेच असते. एखाद्या फलंदाजाची खरी क्षमता ४० धावांची आहे व तो हंगामात १२ वेळा बाद झाला, असे मानल्यास त्याच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ४० भागिले १२ चे वर्गमूळ, म्हणजे सु. ११·५ धावा इतकी येते. परिणामी केवळ दैवयोगाने त्याची सरासरी २८ किंवा ५२ दिसणे मुळीच नवलाचे नाही. हे दोन्ही आकडे एकाच फलंदाजाचे असू शकतात. निवड समिती मात्र पहिल्यास अपयशी व दुसऱ्यास उदयोन्मुख ठरविण्याची शक्यता असते.

सरासरीकडे परतण्याची प्रवृत्ती : विलक्षण चांगल्या कामगिरीत क्षमतेबरोबर दैवाचाही वाटा असतो. पुढील वर्षी क्षमता कायम राहते, पण दैवाची साथ तशीच लाभेलच असे नाही. म्हणून अत्युच्च आरंभानंतर आकडे सर्वसाधारण पातळीकडे झुकतात. सर फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व अपत्ये यांच्या उंचीच्या अभ्यासातून ही प्रवृत्ती विशद केली. सुनील गावसकर यांनी १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यातील पहिल्याच मालिकेत चार कसोटी सामन्यांत १५४·८० च्या सरासरीने ७७४ धावा केल्या. त्यांच्या संपूर्ण कारकीर्दीची सरासरी ५१·१२ होती. या फरकास घसरण म्हणणे चुकीचे ठरेल, कारण ५१ ही सरासरी स्वतःच श्रेष्ठ दर्जाची आहे. उलटपक्षी, सचिन तेंडुलकर याने १९८९ मधील पाकिस्तानच्या पहिल्या दौऱ्यात ३५·८३ च्या सरासरीने २१५ धावा केल्या, तर त्याची अखेरची कसोटी सरासरी ५३·७८ झाली. अमोल मुजुमदार याने १९९३-९४ मध्ये रणजी पदार्पणात मुंबईतर्फे २६० धावा काढल्या व पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमविल्या, तथापि कसोटी संघात त्याची निवड कधीच झाली नाही. यावरून पदार्पण, क्षमता व निवड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते.

संकोचन पद्धती : अल्प माहितीवरून अंदाज करताना खेळाडूची स्वतःची सरासरी व त्याच्या वर्गातील खेळाडूंची सामान्य सरासरी यांचे भारित मिश्रण घेणे हितावह असते. या विचारास चार्ल्स स्टाइन यांच्या १९५६ मधील संशोधनाने गणिती अधिष्ठान दिले. एफ्रॉन व मॉरिस यांनी १९७५ मध्ये १८ अमेरिकन बेसबॉलपटूंच्या १९७० च्या हंगामातील पहिल्या ४५ प्रयत्नांवरून उर्वरित हंगामाचे अंदाज बांधले. मिश्र अंदाजांतील चुकांच्या वर्गांची बेरीज केवळ वैयक्तिक आकड्यांवर विसंबलेल्या अंदाजांच्या तुलनेत एक-तृतीयांशाहूनही कमी भरली. क्रिकेटसाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. खालच्या डावांतील चंचलतेचे प्रमाण विचलन ४० धावा व खेळाडूंच्या खऱ्या क्षमतांमधील प्रमाण विचलन ८ धावा धरल्यास वर्गाच्या सरासरीस ४० व ८ यांच्या वर्गांच्या गुणोत्तराइतके, म्हणजे २५ डावांचे, वजन द्यावे लागते. वर्गाची सरासरी ३६ असून नवोदित फलंदाजाने १२ बाद डावांत ६० ची सरासरी राखली असेल, तर १२ गुणिले ६० व २५ गुणिले ३६ यांच्या बेरजेस ३७ ने भागून सु. ४४ हा अंदाज येतो. असा फलंदाज सामान्यांहून सरस आहे, पण त्याच्याकडून ६० ची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर अन्याय होय. पुढील वर्षी त्याने ४४ ची सरासरी राखल्यास तो अपयशी ठरत नाही, तर अंदाज खरा ठरतो.

परिस्थितीचा विचार : आकड्यांचे वजन प्रतिस्पर्ध्याचा दर्जा, खेळपट्टी व सामन्याची अवस्था यांनुसार बदलते. २०१३-१४ मध्ये महाराष्ट्र रणजी स्पर्धेच्या ‘क’ गटात होता. अ व ब या गटांतील संघ सामान्यतः अधिक बलवान मानले जात. यामुळे त्रिपुराविरुद्धच्या द्विशतकापेक्षा मुंबईविरुद्ध मुंबईतच, चौथ्या डावात, बाद पद्धतीच्या सामन्यात केलेल्या नाबाद ९१ धावांचे मोल मूल्यमापनात अधिक धरणे रास्त ठरते. १९ वर्षांखालील स्पर्धांतील धावा वरिष्ठ स्तरावर जशाच्या तशा लागू करता येत नाहीत, कारण तेथील गोलंदाजीचा वेग, अचूकता व चिकाटी भिन्न असते. वयही महत्त्वाचे असते. समान आकडे असता १९ वर्षांच्या खेळाडूत सुधारणेस २६ वर्षांच्या खेळाडूपेक्षा अधिक वाव असतो.

अन्य खेळांतील अनुभव : अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रे हाती असणाऱ्या क्वार्टरबॅक या खेळाडूच्या पहिल्या हंगामाविषयी हाच प्रश्न उद्‌भवतो. पेटन मॅनिंग याचे १९९८ च्या पदार्पण-हंगामात २८ फेके प्रतिपक्षाने अडवून ताब्यात घेतले आणि त्याच्या इंडियानापोलिस संघास १६ पैकी ३ सामनेच जिंकता आले. पुढील वर्षी त्याच संघाने १३ सामने जिंकले व मॅनिंग त्या खेळातील थोर खेळाडूंत गणला गेला. याउलट रॉबर्ट ग्रिफिन याने २०१२ मध्ये वॉशिंग्टन संघाकडून नवोदितांचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले, पण जानेवारी २०१३ मधील गुडघ्याच्या दुखापतीनंतर त्याची कामगिरी पूर्वीच्या उंचीवर पोहोचली नाही. संघाचा दर्जा, सहकाऱ्यांचे साहाय्य व शारीरिक सुदृढता या गोष्टी वैयक्तिक आकड्यांत मिसळलेल्या असतात, याची ही उदाहरणे होत.

दुसऱ्या हंगामातील घट : या घटीचे दोन भाग पाडावे लागतात. पहिला भाग वर सांगितलेल्या सांख्यिकीय प्रवृत्तीचा असून त्यासाठी खेळाडूस दोष देता येत नाही. दुसरा भाग खराखुरा असतो : प्रतिस्पर्धी गोलंदाज फलंदाजाच्या उणिवा हेरतात व चित्रफितींच्या साहाय्याने त्याच्याविरुद्ध योजना आखतात. एखादा फलंदाज वारंवार एकाच प्रकारे, उदा., यष्टीबाहेरच्या चेंडूस बॅट लावून यष्टिरक्षकाकडे झेल देऊन, बाद होत असेल, तर ती उणीव प्रशिक्षणाने दूर करण्याजोगी असते. बाद होण्याचे प्रकार विखुरलेले असतील, तर संयम बाळगणे श्रेयस्कर ठरते.

निवडीचे धोरण : मुंबई व विदर्भ वगळता उर्वरित महाराष्ट्रातील क्रिकेट महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येते. इतक्या विस्तृत प्रदेशातून थोड्या जागांसाठी निवड करावयाची असल्याने निर्णय त्वरेने घेण्याचा मोह स्वाभाविक असतो. तथापि सांख्यिकीय दृष्ट्या एका हंगामातील दहा-बारा डाव हा कौल देण्यास अपुरा पुरावा आहे. चांगल्या आरंभास दुसऱ्या हंगामातील घसरणीनंतरही काही काळ टिकणारी संधी देणे, वाईट आरंभामागील परिस्थिती तपासणे आणि आकड्यांबरोबर तंत्र, वय व प्रतिपक्ष यांची नोंद ठेवणे, या तीन गोष्टी पाळल्यास मूल्यमापनातील चुका कमी होतात. त्या पूर्णपणे टळत मात्र नाहीत. म्हणूनच जिल्हा पातळीवरील खेळाडूसाठी शिक्षण व नोकरी यांचे पर्याय उघडे ठेवणे हेही संघटनेचे व पालकांचे कर्तव्य ठरते.