दप्तर बघायचंय? असं मागा

ग्रामपंचायतीत जनमाहिती अधिकारी बहुधा ग्रामपंचायत अधिकारीच (पूर्वीचा ग्रामसेवक) असतो. साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा आणि पोच घ्याच. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. माहिती कशाला हवी, हे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही; तरी विचारतातच.

‘रस्त्याच्या कामाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. कागदाचं नाव आणि वर्ष लिहा: कामाचा आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिलं. खरी गोम मोजमाप पुस्तिकेत असते. किती खडी, किती डांबर, सगळं तिथे नोंदलेलं. घरपट्टीची शंका असेल तर नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, मागा.

प्रतीला पानामागे 2 रुपये. मुदत 30 दिवसांची. ती उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. मग 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. नुसतं दप्तर चाळायचं असेल तर 2018 च्या शासननिर्णयात जिल्ह्यातल्या कार्यालयांसाठी सोमवारी दुपारी 3 ते 5 ही वेळ सांगितली आहे. जाण्याआधी मात्र कार्यालयात चौकशी करा.