दोन्ही आकडे खरे

‘यादीच्या वर “एकूण ५ ऑर्डर्स” असं येतंय, खाली मात्र दोनच दिसतायत.’ टेस्टिंगच्या टीमकडून अशी तक्रार आली, की नवा प्रोग्रामर लगेच डेटा तपासायला धावतो. मी त्याला थांबवते. पाच मोजणारा डेटाबेस मोजणीत चुकत नाही, आणि दोन ओळी मोजताना माणूसही चुकत नाही. दोन्ही आकडे खरे धरायचे आणि कोणी काय मोजलं ते शोधायचं. या कामाची सुरुवात इथून होते.

डेटाबेसला टेबलं आणि त्यातल्या ओळी कळतात. पायथॉन किंवा जावात लिहिणाऱ्याला ऑब्जेक्ट हवे असतात: एक ऑर्डर, आणि तिच्या पोटात तिच्यातल्या वस्तू. ओळींमधून ऑब्जेक्ट बांधून देणारा मधला थर म्हणजे ओआरएम. एसक्यूएलअल्केमी, जँगो, हायबरनेट ही त्यातली नेहमीची नावं. आकड्यांचा घोळ बहुतेकदा या बांधणीच्या जागीच होतो.

लाखो ओळींच्या टेबलात तो दिसत नाही, म्हणून मी तीनच ऑर्डर्स घेते. पहिलीत दोन वस्तू, दुसरीत तीन, तिसरी रिकामी. ऑर्डर आणि वस्तू ही टेबलं साध्या जॉइनने जोडली, की पाच ओळी येतात आणि तिसरी ऑर्डर गळते. लेफ्ट जॉइन लावला तर सहा येतात, कारण रिकाम्या ऑर्डरसाठीही एक ओळ मिळते. तिच्यात वस्तूंच्या रकान्यांत नल असतं.

आता एसक्यूएलअल्केमीची जुनी क्वेरी-पद्धत बघा. यादी मागितली, की ती पाच ओळी वाचते, तीच प्रायमरी की पुन्हा आली तर ऑब्जेक्ट दुसऱ्यांदा यादीत घालत नाही, आणि दोन ऑर्डर्स हातात ठेवते. काउंट मागितला तर मात्र ती ओळी वाचतच नाही. मूळ क्वेरी कंसात घालून बाहेरून ‘यात ओळी किती?’ एवढंच डेटाबेसला विचारते. उत्तर येतं पाच. एकाने वाटलेल्या पत्रिका मोजाव्यात आणि दुसऱ्याने पंगतीतली पानं, तसा हा प्रकार.

शोधाची रीत ठरलेली आहे. इंजिनचा ‘एको’ चालू करून खरं एसक्यूएल लॉगमधून उचलायचं आणि थेट डेटाबेसवर चालवायचं. मग प्रायमरी कीवर ग्रुप बाय लावून एकाहून जास्त वेळा येणाऱ्या ऑर्डर्स काढायच्या. त्यातली एकच धरायची आणि एकेक जॉइन काढत जायचं. ज्याच्या जाण्याने आकडा उतरतो, त्याच्यापाशी थांबून विचारायचं: हा इथे कशाला आहे?

उत्तरं साधारण दोनच निघतात. ‘अमुक वस्तू असलेल्या ऑर्डर्स’ अशी गाळणी लावायची असेल, तर जॉइनऐवजी एक्झिस्ट्स वापरावा. एसक्यूएलअल्केमीत त्यासाठी ‘एनी’ आहे. ऑर्डरसोबत वस्तूही वाचून आणायच्या असतील, तर त्या ‘सिलेक्टइनलोड’ने वेगळ्या क्वेरीत आणाव्यात. वीसचं पान मागितलं आणि तेराच ऑर्डर्स आल्या, त्यामागेही बहुधा हेच कारण असतं: लिमिटने वीस ओळी मोजल्या, ऑर्डर्स नव्हे.

आकडा कमी आला तर संशयित वेगळे. लेफ्ट जॉइन करून उजव्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये टाकली, की नलवाल्या ओळी गळतात आणि तो साधा जॉइन होऊन बसतो. रकान्याचं नाव देऊन केलेला काउंट नल सोडून देतो. ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल शिरलं, तरी निकालात एकही ओळ येत नाही.

यावर घाईचा इलाज म्हणजे डिस्टिंक्ट. तक्रार मिटते, पण कारण तसंच राहतं, आणि पैशांपाशी ते महागात पडतं. एका ऑर्डरीत तीन वस्तू आणि पाचशे रुपयांचे दोन हप्ते आहेत. वस्तू आणि हप्ते दोन्ही जोडले तर सहा ओळी होतात आणि भरलेली रक्कम ३,००० दिसते. त्या बेरजेत डिस्टिंक्ट घातला तर दोन सारख्या रकमांमधली एक उडते आणि ५०० उरतात. खरी रक्कम १,०००. हप्त्यांची बेरीज आधी वेगळ्या उपक्वेरीत करावी आणि मगच ती ऑर्डरला जोडावी. यादीतली गफलत टेस्टरला दिसते. बेरजेतली गफलत रिपोर्टमध्ये मुकाट बसून राहते.

आवृत्ती बदलली की आकडे बदलतात, तेही ध्यानात ठेवावं. २०२३ च्या जानेवारीत आलेल्या एसक्यूएलअल्केमी २.० मधली सिलेक्ट-पद्धत डुप्लिकेट आपणहून गाळत नाही. आपल्या उदाहरणात यादीतही पाच जागा भरतात, त्याच दोन ऑर्डर्स पुन्हा पुन्हा येऊन. जॉइन्डलोडने संग्रह वाचत असाल, तर ‘युनिक’ म्हटल्याशिवाय ती निकालच देत नाही. हायबरनेट उलट दिशेला गेलं. पूर्वी फेच जॉइनमध्ये डिस्टिंक्ट लिहावा लागे. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून तेच डुप्लिकेट गाळतं. मला एसक्यूएलअल्केमीची नवी चाल जास्त पटते. लायब्ररीने गुपचूप आवरून ठेवलेला पसारा शोधणं फार कठीण जातं.

म्हणून काउंट लिहिण्याआधी शेजारी एका ओळीत लिहून ठेवा: मी ऑर्डर्स मोजतोय की ओळी? ऑर्डर्स मोजायच्या असतील, तर ऑर्डरच्या आयडीवरच डिस्टिंक्ट काउंट घ्या. आणि टेस्टमध्ये त्या तीन ऑर्डर्स कायमच्या ठेवा, रिकामी ऑर्डर धरून. प्रत्येक ऑर्डरीत एकच वस्तू असलेला टेस्ट-डेटा ही चूक कधीच पकडू शकत नाही.