शिळ्या पावाचा रविवार

फ्रेंच टोस्ट या पदार्थाचं नाव जितकं रुबाबदार, तितका तो मुळात गरीब. फ्रान्समधले लोक त्याला जे म्हणतात त्याचा अर्थ ‘वाया गेलेला पाव’. जर्मन मंडळी त्याला ‘गरीब सरदार’ म्हणतात. म्हणजे घराणं आहे, तलवार आहे, पण मुदपाकखान्यात शिळ्या पावाखेरीज काही नाही! अपिशियसच्या नावावर असलेल्या रोमन पाकसंग्रहातही पावाचे तुकडे दुधात भिजवून, तेलात तळून वर मध ओतायला सांगितलं आहे. त्यात अंडंसुद्धा नाही. पाव शिळा होणं आणि तो टाकवत नसणं या दोन्ही गोष्टी माणसाच्या घरात फार जुन्या. आपल्याकडे पोळी उरली की फोडणीची पोळी, भात उरला की फोडणीचा भात. फ्रेंच टोस्ट हा त्यांचाच परदेशी मावसभाऊ म्हणायचा.

निवृत्तीनंतर मी ओव्याला राहायला आलो. पनवेल तालुक्यातलं हे गाव आता खारघरच्या सेक्टरांनी चारी बाजूंनी असं वेढलं आहे, की पत्ता सांगताना आधी आकडा येतो आणि मग गाव. सकाळी सायकलवरून येणारा पाववाला मात्र गाव आणि सोसायटी असा भेद करत नाही. रविवारी त्याचा माल लवकर संपतो. त्या दिवशी गावातल्या घरांत मटणाची नाही तर मासळीची तयारी असते, आणि आमच्या इमारतीत सातच्या आत दोन-तीन मजल्यांवरून मिक्सरचा आवाज येतो. इडली, डोसे, थालीपीठ, मेदूवडे. सुट्टी सगळ्या घराला असते, पण स्वयंपाकघराला त्या दिवशी दुप्पट काम असतं. माझ्या आईला मी रविवारी गरम पोहे खाताना कधी पाहिलं नाही. ती सगळ्यांना वाढून झाल्यावर कढईतले उरलेले खायची, तेही उभ्यानं.

हा रविवार आपल्याला कुणी दिला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत माणसं आठवड्याचे सातही दिवस राबत होती, तेव्हा त्यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे कामगारांनाही तो आपला वाटला. लोखंडे १८९७ मध्ये, मुंबईतल्या प्लेगच्या काळात गेले. २००५ साली त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं.

त्याच १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी कप तोंडाला लावला, कुणी नुसता समोर ठेवला. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. ओव्यन भट्टीतून आलेला पदार्थ तेव्हा नुसता पदार्थ नव्हता. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, त्यामुळे पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत कोकणात कितीतरी पिढ्या चालली. एकाच वर्षात एकीकडे रविवार मिळत होता आणि दुसरीकडे बिस्किटावरून वाद पेटला होता. आता रविवारी सकाळी पाव तव्यावर टाकताना मला या योगायोगाची गंमत वाटते.

अंड्याची कथा याहून अलीकडची. आमच्या लहानपणी अंडं घरात येत असे, पण स्वयंपाकघरात नाही. गॅलरीत स्टोव्ह, त्यावर एक वेगळी, कान तुटलेली कढई, आणि ती कढई परत बाहेरच्या कोनाड्यात. पुढे दूरदर्शनवर रोज अंडी खा म्हणून सांगणारी जाहिरात घरोघरी तोंडपाठ झाली आणि कढई हळूच आत आली. तरी श्रावणात ती अजूनही रजेवर असते.

तर आता टोस्ट. आधी पाव. ताजा, लुसलुशीत पाव यासाठी निकामी. तो अंड्या-दुधात घातला की लगदा होतो. कालचा हवा, परवाचा असल्यास उत्तम. पाव शिळा होतो म्हणजे त्यातलं पाणी उडतं एवढंच नाही. भाजताना मऊ झालेला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट होत जातो आणि फ्रिजमध्ये तर हे अधिक वेगानं घडतं. असा पाव दूध पितो, पण मोडत नाही. म्हणून शनिवारी रात्री स्लाइस ताटात उघड्यावर मांडून ठेवावेत, वर जाळी. पावसाळ्यात मात्र सांभाळून. आमच्याकडच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी पावावर बुरशी धरते. तेवढा तुकडा काढून बाकीचा वापरण्याचा मोह करू नये, बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते. तो पाव खरोखरच वाया गेलेला.

स्लाइसपेक्षा मला लादीपाव आवडतो. तो आडवा कापून दोन भाग करायचे. आतली बाजू भरपूर शोषून घेते, वरची तपकिरी बाजू आकार धरून ठेवते.

चार-पाच स्लाइसना दोन अंडी आणि अर्धा कप दूध. मी बँकेतला माणूस, त्यामुळे हे प्रमाण वहीत नोंदवलेलं आहे. साखर एक चमचा, दोन नाहीत. साखर जास्त झाली की बाहेरून काळं आणि आतून कच्चं असा प्रकार होतो. चिमूटभर मीठ, थोडं जायफळ किंवा वेलची. अंडी आधी एकटी फेटावीत आणि मग दूध घालावं, नाहीतर पांढऱ्याच्या तारा राहतात. पातळ स्लाइस एका बाजूनं दहा अंक मोजेपर्यंत, जाड पाव तीस. तव्यावर लोणी घालायचं, पण त्यात थोडं तेल हवं, कारण नुसतं लोणी लवकर करपतं. तूप असेल तर हा प्रश्नच नाही. आंच मध्यम. मोठी आंच ही घाईच्या माणसांची, आणि घाई असेल तर रविवारी फोडणीची पोळी करावी.

या पदार्थाचा खरा गुण मात्र चवीत नाही. डोसा, घावन, थालीपीठ ही सगळी तव्यावरून थेट पानात जाणारी खाद्यं. त्यांत करणारा माणूस शेवटी जेवतो, एकटा. टोस्टचं तसं नाही. दोन तवे एकदम ठेवले तर दहा मिनिटांत आठ-दहा टोस्ट होतात आणि तारेच्या जाळीवर ठेवले तर पंधरा मिनिटं चांगले राहतात. डब्यात घालून झाकले की वाफेनं ओले होतात, तेवढं टाळायचं. मग सगळ्यांनी एकदम बसायचं. आमच्याकडे रविवारी तव्यापाशी मी असतो आणि ही पेपर घेऊन टेबलाशी. “अहो, गॅस कमी करा,” एवढी सूचना अधूनमधून येते. ती मी ऐकतो.

लोखंड्यांचा रविवार गिरणीच्या भोंग्यापाशी थांबला, चुलीपर्यंत पोचला नाही. घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत तर नाहीच. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडलं. आमच्या इमारतीतल्या मावशींनी मध्यंतरी महिन्यातले दोन रविवार मागितले, तर सोसायटीच्या जिन्यात अर्धा तास चर्चा झाली. एकानं हिशेब मांडला की पगार किती कापायचा. एक शेजारीण म्हणाली, “रविवारीच तर भांडी जास्त असतात!” ते खरंच होतं, आणि मावशींचं म्हणणंही नेमकं तेच होतं. शेवटी चारही रविवार मिळाले, पगार न कापता. ज्या घरांत त्या दिवशी थालीपिठाऐवजी टोस्ट आणि एकच तवा असतो, तिथे कुणाचं फार अडत नाही, हे मी निरीक्षणानं सांगतो.

नातीला टोस्टवर मध लागतो. हिला गोड नाश्ता मान्य नाही, म्हणून उरलेल्या मिश्रणात मीठ, हळद, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर जाते. साखर घातलेलं मिश्रण यासाठी चालत नाही, तेव्हा एक अंडं आधीच बाजूला फेटून ठेवावं. कांदा पावाला चिकटत नाही, खाली वाटीत बसतो. पाव तव्यावर टाकल्यावर तो चमच्यानं वर पसरायचा, जरा दाबायचा आणि मगच उलटायचा. श्रावणात हेच सगळं बेसन आणि थोड्या दह्यात होतं. त्याला फ्रेंच म्हणायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.