परका आणि पाहुणा

ग्रीक भाषेत ‘क्सेनोस’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ परका असा होतो आणि पाहुणा असाही होतो. कोशात वाचलेली ही गोष्ट मला खरी उमगली ती एजिना बेटावर घालविलेल्या एका दिवसात.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघालेली बोट सव्वा तासाच्या सुमारास एजिनाच्या धक्क्याला लागते. अथेन्समधील एका परिषदेत ओळख झालेले एक शिक्षक सपत्नीक मला उतरून घ्यावयास आले होते. सप्टेंबरचा आरंभ होता आणि त्यांच्या वाडीत पिस्त्यांची तोडणी चालली होती. काठीने फांद्या झोडपून फळे खाली पसरलेल्या कापडावर पाडावयाची, वरची साल काढावयाची आणि मग ती उन्हात वाळवावयाची, असा हा क्रम. पिस्त्याची नर व मादी झाडे निराळी असतात. पराग वाऱ्याने जातो. म्हणून फळ न देणारी नर झाडेही बागेत राखावीच लागतात.

बाईंनी विहिरीचे पाणी चाखावयास दिले. ते मचूळ होते. गोड्या पाण्याचा उपसा फार झाला, की समुद्र जमिनीखालून आत शिरतो. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मला हे समजावून सांगावे लागले नाही.

दुपारी आम्ही टेकडीवरच्या अफाया देवीच्या मंदिरात गेलो. इसवी सनापूर्वी ५००च्या सुमाराचे हे चुनखडी दगडाचे देवालय. त्याच्या दर्शनी त्रिकोणात ट्रॉयच्या युद्धातील वीरांच्या संगमरवरी मूर्ती होत्या. १८११ साली काही इंग्रज व जर्मन प्रवाशांनी त्या उकरून काढल्या आणि स्थानिकांच्या हातावर अल्पशी रक्कम ठेवून बाहेर नेल्या. पुढे बव्हेरियाचा युवराज लुडविग याने त्या विकत घेतल्या. आज त्या म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत.

“तुम्हांला राग येत नाही?” मी विचारले.

शिक्षक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तेही पाहुणेच होते. त्यांना अडवील असे आमचे स्वतःचे सरकार तेव्हा नव्हते.”

ते सरकार सतरा वर्षांनी, १८२८ साली, याच बेटावर उभे राहिले. तुर्कांच्या सत्तेतून सुटू पाहणाऱ्या ग्रीसचे पहिले शासनप्रमुख कापोदिस्त्रियास यांनी येथूनच कारभारास आरंभ केला. एजिना अल्पकाळ राजधानीच होती. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या मला त्या उत्तराचे मोल चटकन कळले.

सायंकाळी बोटीवर चढताना बाईंनी पिस्त्यांची एक पिशवी माझ्या हाती दिली. सवयीने माझा हात खिशातील पाकिटाकडे गेला. त्यांची मुद्रा पाहून मी तो मागे घेतला आणि नुसता नमस्कार केला.

परका आणि पाहुणा यांना एकच शब्द का, याचा उलगडा मला परतीच्या बोटीत झाला. दाराशी येणारा प्रत्येकजण परकाच असतो. यजमान त्याला पाहुणा म्हणतो. पण ते नाव त्याने राखले की नाही, हे तो जाताना काय नेतो आणि कसे नेतो, यावरून ठरते.