खिळ्याच्या भोकाची किंमत किती?

मे महिना सरत आला की उस्मानपुऱ्याच्या गल्ल्यांतून सामानाने भरलेले टेम्पो दिसू लागतात. गाद्यांच्या वळकट्या, कूलर, तुळशीची कुंडी आणि सगळ्यांत वर उलटी बांधलेली सायकल. शाळा-कॉलेजे उघडण्याआधी घर बदलायचे, हा मध्यमवर्गाचा जुनाच रिवाज. या भागात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे बीड-जालना-परभणीहून शिकायला आलेली मुले, कारखान्यात नव्याने लागलेले तरुण आणि बदलीवर आलेली नोकरदार कुटुंबे यांचा इथे कायम राबता असतो. खाली मालक, वर भाडेकरू अशी इथली मांडणी. सणावाराला वाट्यांची देवघेव होते, मालकीणबाई मुलांच्या ‘आजी’ होतात, आणि असे गोडीगुलाबीचे चार दिवस सरले की एका संध्याकाळी हिशेबाची वही उघडते.

रंगाचे इतके, नळाचे इतके, साफसफाईचे इतके! तीस हजारांची अनामत हातात येईपर्यंत निम्मी उरते. नव्या घराची अनामत याच पैशांतून द्यायची असते, टेम्पो दारात उभा असतो. भाडेकरू मुकाट्याने मिळेल ते घेतो आणि आयुष्यभर त्या घरासमोरून जाताना मान फिरवतो. रकमेपेक्षा हे नुकसान मोठे आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

पैसा कुणाचा?

अनामत म्हणजे ठेव. ती मालकाकडे सुरक्षिततेसाठी ठेवलेली असते, पण ती भाडेकरूचीच राहते. एवढे एक वाक्य दोन्ही बाजूंनी मनाशी धरले तरी निम्मी भांडणे मिटतील. मालकाला त्यातून कपात करता येते. थकलेले भाडे, न भरलेले वीजबिल, भाडेकरूने केलेली मोडतोड ही त्याची रास्त कारणे. पण नुकसान झाले हे दाखवण्याची जबाबदारी कपात करणाऱ्यावर येते. ‘रिवाजच आहे’ हे काही कारण नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिल्लीतील एका भूखंडाच्या लिलावाच्या प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने बोली लावणाऱ्या कंपनीची ७८ लाखांची बयाणा रक्कम जप्त केली होती. पुढे तोच भूखंड कितीतरी जास्त भावाने विकला गेला. तोटाच झाला नाही तर रक्कम ठेवून कशी घेता, असा न्यायालयाचा रोख होता, आणि पैसे परत करण्याचा आदेश झाला. १८७२ च्या करार कायद्यातील ७४ व्या कलमाचा हा अर्थ आहे. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो भरपाईची कमाल मर्यादा ठरतो. भरपाई वाजवी हवी, आणि तोटा झालेला हवा. प्रकरण कोट्यवधींच्या भूखंडाचे असले तरी तत्त्व दोन खोल्यांच्या घरालाही लागू पडते.

झीज वेगळी, नुकसान वेगळे

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत करावी, असे म्हटले आहे. मात्र वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती त्यातून वगळली आहे. हे कलम भाडेपट्ट्यासाठीचे असले, तरी ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारांतही सामान्य झिजेची हीच सूट बहुधा लिहिलेली असते.

झीज म्हणजे काय? माणूस घरात राहिला, एवढ्यानेच जे होते ते. उन्हाने उडालेला रंग, कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक, बोअरच्या खारट पाण्याने नळावर चढलेले पांढरे पुट, उंबरठ्याजवळ झिजलेली फरशी. याची किंमत भाड्यातून दरमहा दिलेली असते. नुकसान म्हणजे फुटलेली काच, उखडलेली फरशी, परवानगीशिवाय भिंतीत पाडलेले भगदाड.

केंद्र सरकारने २०२१ साली जो नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला, त्याच्या परिशिष्टात ही कामे वाटूनच दिली आहेत. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाच्या पाइपा आणि वीजजोडणीची दुरुस्ती मालकाकडे. नळाचे वॉशर, बटणे, कुलपे, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. निवासी जागेला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये, असेही त्यात आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा नमुना बंधनकारक होत नाही, पण बोलणी करताना समोर ठेवायला तो उत्तम आहे.

हिशेब मांडून पाहू

समजा, अनामत ३०,००० रुपये. मालकांनी लावलेली कपात अशी: संपूर्ण घराचा रंग १२,०००, नळ ९००, साफसफाई १,५००, फुटलेली काच ७००, शेवटचे वीजबिल १,४००. एकूण १६,५०० आणि हातात १३,५००.

आता एकेक बाब तपासू. काच आणि वीजबिल भाडेकरूचेच, ते २,१००. गंजलेला नळ झिजेत गेला. घर झाडून-पुसून दिले असेल तर साफसफाईचा प्रश्न येत नाही. राहिला रंग. छोट्याने एका भिंतीवर रंगीत खडूने चित्रे काढली, ती भिंत रंगवायला २,००० लागतील. पण रंग तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्याचे आयुष्य पाच वर्षे धरले, तर दोनच वर्षे उरली होती. म्हणजे भाडेकरूचा वाटा ८००. एकूण कपात २,९००, परत मिळायला हवेत २७,१००. दोन हिशेबांत १३,६०० रुपयांचा फरक पडला. विद्यार्थ्याच्या घरी तेवढ्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च भागतो.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. ‘घर सोडताना रंगापोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल’ अशी ओळ कित्येक करारांत असते. ती न वाचता सही केली, तर नंतर वाद घालणे अवघड जाते. ती ओळ सहीपूर्वीच खोडून घ्यावी किंवा बदलून घ्यावी.

मालकाचीही बाजू

सगळे मालक लबाड नसतात. अनेकांनी निवृत्तीचा पैसा घालून वरचा मजला चढवलेला असतो आणि ते भाडे हेच त्यांचे पेन्शन असते. तीन महिन्यांचे बिल थकवून पसार झालेला भाडेकरू त्यांनीही पाहिलेला असतो. काही भाडेकरू ‘शेवटचे दोन महिने अनामतीतून वळते करा’ म्हणून परस्पर भाडे थांबवतात. मालकाच्या लेखी संमतीशिवाय हे करू नये. अनामत मिळाली नाही म्हणून ताबा अडवून बसणेही अंगाशी येते. लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाखाली दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

कागद बोलतो

मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याच्या काळातील १९५४ चा घरभाडे कायदा चालत असे. ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला एकच, १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याचे ५५ वे कलम प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तो तसा नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, अर्थात उलट सिद्ध होईपर्यंत. पैसे घेतल्याची पावती देणेही मालकावर बंधनकारक आहे.

राहायला जाण्याच्या दिवशी दोघांनी मिळून घर फिरावे. खोलीवार यादी करावी: पंखे किती, काचा शाबूत का, ओल कुठे आहे. मोबाइलवर फोटो काढावेत, यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. सोडतानाही तीच यादी हाती घेऊन फिरावे. अर्ध्या तासाचे काम आहे. मीटरचा आकडा टिपून ठेवायला विसरू नये.

एवढे करूनही पैसे अडले तर? आधी प्रत्येक कपातीची पावती मागावी, तीही लेखी. मग पंधरा दिवसांची मुदत देणारे सभ्य भाषेतले पत्र स्पीड पोस्टाने धाडावे. तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. दावा दाखल होण्यापूर्वीचा वाद लोकअदालतीत ठेवता येतो. तेथे न्यायालय शुल्क नाही, आणि समझोता झाला तर तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अखेरचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे, म्हणून हातावर हात धरून बसू नये.

घर सोडताना मागे बरेच काही राहते. मुलांची उंची मोजलेल्या रेघा, शेजारच्यांची माया. त्यात कडवटपणाची भर नको असेल, तर यादीवरच्या दोन सह्या पहिल्याच दिवशी करून घ्याव्यात. विश्वास असतो तेव्हाच कागद करायचा असतो. विश्वास उडाल्यावर कागदावर सही करायला कोणीच तयार होत नाही.