काळ्या कातळावरची नाणी

लोहारा तालुक्यातील सास्तूर महाराष्ट्राला माहीत झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेमुळे. किल्लारीच्या भूकंपाने तेरणेच्या खोऱ्यातील जी गावे जमीनदोस्त केली, त्यांत हे एक. पुढे भूवैज्ञानिकांनी किल्लारीजवळ खोल विंधन घेतले, तेव्हा ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्टच लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. हा आकडा भूकंपाच्या अभ्यासातला असला, तरी नाण्यांचा इतिहास वाचणाऱ्याने तो जवळ बाळगावा. या काळ्या कातळात सोन्याचांदीच्या, तांब्याच्या किंवा शिशाच्या खाणी नाहीत. म्हणून सास्तूरच्या परिसरात आजवर जे नाणे चालले, त्यावर छाप कोणत्याही राजाची असो, धातू परमुलखाचाच होता. नाण्याचा धातू पाहून आपण राज्याची श्रीमंती जोखतो. या खोऱ्यात मात्र तो रस्त्यांची साक्ष देतो.

ही साक्ष सर्वांत स्पष्ट ऐकू येते ती याच तेरणेच्या वरच्या अंगाला, तेर येथे. संत गोरा कुंभारांचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर, हे पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे आणि तेथून भडोच बंदराकडे भरपूर कापड जात असल्याची नोंद आहे. १९५८ पासूनच्या उत्खननांत आणि तेरचे संग्राहक रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहात सातवाहनांची नाणी आली. त्यांत लक्ष वेधून घेतात ती शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रधातूची नाणी.

शिसे म्हटले की हलके, गरिबाचे नाणे असे वाटते. पण त्याच ‘पेरिप्लस’मध्ये भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील आणि शिसे आहे, रोमन लेखक प्लिनी तर भारत मोती आणि रत्ने देऊन शिसे घेतो, असे लिहितो. म्हणजे तगरचे कापड ज्या वाटेने समुद्राकडे उतरले, त्याच वाटेने नाण्याचा धातू घाटावर चढत असणार. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साध्या भट्टीतही त्याची नाणी पाडता येतात. सूत, धान्य, तेल यांच्या रोजच्या खरेदीला चांदीचे नाणे फार मोठे पडते. तिथे मोड लागते. शिशाच्या नाण्यांची रेलचेल हे दारिद्र्याचे लक्षण मानण्यापेक्षा किरकोळ बाजार भरात असल्याचे लक्षण मानणे अधिक सयुक्तिक आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की प्लिनीचे म्हणणे अर्धेच खरे आहे. राजस्थानातील जावरसारख्या ठिकाणी शिशाच्या प्राचीन खाणी होत्या. हे मान्यच करावे लागेल. पण धातू जहाजातून आला की बैलगाडीतून, याने मूळ मुद्दा बदलत नाही: तो तेरणाकाठचा नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाणी फिरतात, त्यामुळे ती सापडल्याने तिथे बाजार होता असे सिद्ध होत नाही. चांदीच्या बाबतीत हे खरेही आहे. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतील क्षत्रप राजा नहपानाच्या बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. तो ठेवा बाजारापेक्षा विजयाची गोष्ट अधिक सांगतो. पण शिशाचे जड आणि कमी मोलाचे नाणे गाठीला बांधून कोणी दूरवर नेत नाही. ते जिथे सांडते, तिथेच बहुधा चाललेले असते.

पुढे अनेक शतकांनी, निजामी अमलातही, बाहेरच्या धातूवर चालणाऱ्या या खोऱ्याची गोष्ट फारशी बदलली नाही. येथे हैदराबादचा ‘हाली’ रुपया चाले आणि ब्रिटिश हद्दीतला ‘कलदार’ही ओळखीचा होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब व्यापाऱ्याला तोंडपाठ असणे भागच होते, कारण सोलापूरची पेठ सरहद्दीपलीकडे होती. दोन्ही रुपये चांदीचे, तरी भाव वेगळा. पुढे कलदारातील चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली, १९४७ मध्ये ती जाऊन निकेल आले आणि १९५९ मध्ये हालीचे चलनही संपले.

आज धातूला अर्थच उरलेला नाही, नाणे चालते ते सरकारच्या शब्दावर, असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे. १९८८ पासून पैशांची आणि १९९२ पासून रुपयाचीही नाणी स्टेनलेस स्टीलची आली. त्यांचे मोल धातूत नाही. पण शिशाच्या नाण्याचे मोल तरी केवळ त्याच्या वजनात कुठे होते? त्यावरचा ठसा आणि समोरच्याचा विश्वास यांवरच तेही चालत असावे. दोन हजार वर्षांत धातू बदलत गेला. सास्तूरच्या पायाखालचा कातळ मात्र तोच आहे, आणि इथल्या बाजारात आज खुळखुळणाऱ्या पोलादी नाण्याचा धातूही बाहेरूनच येतो.