लादलेला खेळ, निवडलेला खेळ

पारितोषिक समारंभात खेळाडूच्या हाती चषक येतो, तेव्हा टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाच्या मनात येते, की हा खेळ याला आवडतो का? विजेत्याला आपला खेळ प्रिय असणारच, हे आपण गृहीत धरतो. २००९ साली अमेरिकेचा टेनिसपटू आंद्रे आगासी याचे ‘ओपन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि या समजुतीलाच धक्का बसला. एकेरीची आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या या खेळाडूने त्यात लिहिले होते, की टेनिसचा आपल्याला तिटकारा होता आणि तरीही आपण खेळतच राहिलो.

अंगणातले यंत्र

त्याचे वडील माइक आगासी मूळचे इराणचे. १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ते इराणकडून मुष्टियुद्ध खेळले. पुढे अमेरिकेत स्थायिक होऊन लास व्हेगासच्या कॅसिनोत त्यांनी नोकरी केली. घर घेताना त्यांनी एकच पाहिले, की मागच्या अंगणात टेनिस कोर्ट मावेल का. थोरल्या मुलांकडून अपेक्षापूर्ती झाली नाही, तेव्हा साऱ्या आकांक्षेचा भार धाकट्या आंद्रेवर आला.

चेंडू फेकणाऱ्या यंत्रात वडिलांनी स्वतः फेरफार केले होते. ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वेगाने ते चेंडू सोडी. सात वर्षांच्या आंद्रेने त्याला नाव दिले होते ‘ड्रॅगन’. वडिलांचा हिशेब सरळ होता : दिवसाला अडीच हजार चेंडू, म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा लाख. एवढे चेंडू परतविणारा मुलगा अजिंक्य ठरेल, यावर त्यांची श्रद्धा होती. मुलाचाही एक हिशेब होता. दमल्यावर तो मुद्दाम रॅकेटच्या कडेने चेंडू मारी. तो कुंपणापलीकडे गेला, की क्षणभर विसावा मिळे. त्याला आवडे तो फुटबॉल, कारण तिथे तो एकटा नसे. पण तोही वडिलांनी बंद करविला. तेराव्या वर्षी त्याची रवानगी घरापासून दूर, फ्लोरिडातील निक बोलेटिएरी यांच्या टेनिस अकादमीत झाली. शालेय शिक्षण अर्धवट सुटले.

आतली बंडखोरी मग रंगविलेल्या केसांतून आणि डेनिमच्या अर्ध्या विजारीतून प्रकट झाली. जगाला ती केवळ चैन वाटली.

१९९२ साली गोरान इवानिसेविचला पाच सेटमध्ये हरवून त्याने विम्बल्डन जिंकले आणि वडिलांना दूरध्वनी केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, चौथा सेट का गमावलास? त्यानंतर पलीकडून आवाज आला तो हुंदका आवरण्याचा. वडिलांना अभिमान वाटत होता, पण तो शब्दांत सांगणे त्यांना जमत नव्हते, हे मुलाने ओळखले. ज्यांच्या हट्टाचा राग आहे त्यांचे प्रेमही नाकारता येत नाही, हे त्याचे खरे दुखणे होते.

पतन आणि निवड

१९९५ मध्ये तो जागतिक क्रमवारीत पहिला आला, पण शिखरावर अपेक्षित आनंद मात्र सापडला नाही. १९९७ मध्ये तो १४१ व्या स्थानापर्यंत घसरला. त्या काळात आपण अमली पदार्थाचे सेवन केल्याची कबुलीही त्याने आत्मचरित्रात दिली आहे. आता खेळ सोडण्यास त्याला कोणी अडविणार नव्हते. तरीही त्याने खेळायचे ठरविले. लहान स्पर्धांच्या रिकाम्या गॅलऱ्यांपुढे त्याने नव्याने सुरुवात केली. या वेळी कारण त्याचे स्वतःचे होते : लास व्हेगासमधील वंचित मुलांसाठी शाळा उभारण्याचा संकल्प. १९९९ साली दोन सेटची पिछाडी भरून काढून त्याने फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत तो जाऊन बसला. २००१ मध्ये ती शाळा सुरू झाली. स्वतःचे शिक्षण सुटलेला माणूस इतरांच्या शिक्षणासाठी टेनिस खेळत होता.

२००६ च्या अमेरिकन स्पर्धेत पाठीच्या असह्य वेदना सोसून तो शेवटचे सामने खेळत होता. तेव्हा वडीलच त्याला म्हणाले, की आता पुरे, घरी चल, तुझे हे हाल पाहवत नाहीत. मुलाने नकार दिला. माघार घेऊन शेवट करायचा नाही, असे त्याने ठरविले होते. ज्यांनी कधी थांबू दिले नाही ते थांब म्हणत होते आणि ज्याला सदैव पळून जावेसे वाटे तो कोर्टवर उभा होता. पुढचा सामना हरून तो निवृत्त झाला.

वडिलांचा आग्रह नसता तर हा विजेता घडला असता का? बहुधा नाही. म्हणून तो आग्रह योग्य ठरतो का? थोरल्या भावंडांनीही तोच जाच सोसला, पण त्यांच्या वाट्याला विजेतेपद आले नाही. यशस्वी मुलाकडे बोट दाखवून आपण पद्धतीचे समर्थन करतो, तेव्हा त्याच पद्धतीने कोमेजलेली मुले हिशेबात धरीत नाही. आगासीची पत्नी स्टेफी ग्राफ हिलाही वडिलांनीच कोवळ्या वयात टेनिसच्या वाटेवर आणले होते. या दोघांनी आपल्या मुलांवर मात्र टेनिस लादले नाही. मुलगा बेसबॉलकडे वळला.

मुलांना शिस्त, साधन आणि संधी देणे हे पालकांचे कर्तव्य आहेच. पण आपले मूल मुद्दाम कुंपणापलीकडे चेंडू मारीत असेल, तर तो आळस समजून रागावण्यापूर्वी ते काय सांगू पाहते आहे, एवढे विचारायला हवे.